फडके बांधलेली घंटा

मित्रांनो, मी देवघरातली एक जुनी पितळी घंटा आहे आणि थोडी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. नाशिकला तांबट आळीत भट्टीतून निघाले, साच्यात निवले, दांड्यावर गरुड बसला, पोटात लोलक लटकला आणि मला कंठ फुटला.

वसंतरावांनी मला घरी आणले. पूजेत देवांच्या आधी ते मला गंध लावत. नातीला, अवनीला, सांगत, "देवांनी यावं आणि वाईटानं निघून जावं, म्हणून घंटा वाजवायची." एवढा मान मिळाल्यावर कोण तोऱ्यात वाजणार नाही?

पुढे अवनीच्या आईची, प्रतिमाताईंची, बँकेच्या जयपूरजवळच्या बस्सी शाखेत बदली झाली. आम्ही जयपूरच्या मानसरोवर भागात तिसऱ्या मजल्यावर राहू लागलो. आजोबा नाशिकलाच राहिले. अवनीचे बाबा, कौशिक, बरेचदा घरून काम करत. एकदा ऐन मीटिंगमध्ये मी घणघणले आणि त्यांचे साहेब हसले. बाबांनी माझ्या लोलकाला फडके गुंडाळून दोऱ्याने करकचून बांधले. "आरतीला मोबाइलवरची घंटा लावू," म्हणाले. मला फार वाईट वाटले.

मुकी झाले तशी मी जिन्याची चाहूल ऐकू लागले. दिवेलागणीला कुणीतरी चढून यायचे, आमच्या दाराशी थांबायचे. घरात कुणालाच ते कळत नव्हते.

मे महिन्यात एके दुपारी आंधी, म्हणजे तिकडचे धुळीचे वादळ, आली. आकाश पिवळे, मग काळपट झाले. दिवे गेले. बाबा ऑफिसात होते, अवनी एकटीच होती. तेवढ्यात दारापलीकडून आईचा आवाज आला, "अवनी, दार उघड गं. मी आले."

अवनी धावली. हात कडीवर गेला आणि फोन वाजला. आईच होती. "अवू, आंधीमुळे मी बस्सीतच अडकलेय. दार लावून बस हं."

"मतलब... बाहेर कोण आहे, आई?" फोन बंद पडला होता. कडी मात्र आपोआप हलू लागली.

अवनीने देवघर गाठून मला उचलले आणि जिवाच्या आकांताने हलवले. मी मुकीच. तिच्या बोटांना गाठ सुटेना. बाहेरचा आवाज लाडाने म्हणाला, "ती नाही वाजणार, बाळा."

कडी अर्धी सरकली. अवनीने मला ताम्हणात ठेवले, हात जोडले. "देवा, मला श्लोक पूरा येत नाही. पण तू आहेस ना? तूच सांभाळ."

मी आडवी पडले होते, लोलक फडक्यात होता. तरी साऱ्या घरात घंटानाद घुमला. भिंती थरारल्या. बाहेर काहीतरी किंचाळत जिना उतरून गेले आणि कडी जागच्या जागी थांबली.

संध्याकाळी प्रतिमाताई आल्या. दारापुढे धुळीचा जाड थर होता आणि त्यावर एकही पाऊल उमटलेले नव्हते. लेकीला पोटाशी धरून त्या खूप रडल्या. बाबांनी घरी येताच माझे फडके सोडले.

आता मी रोज वाजते. मित्रांनो, आम्हाला घासूनपुसून ठेवा, आमचा आवाज बांधू नका. पण संकटात हाक देवालाच मारा. त्या दिवशी मी नव्हते वाजले. जिना कधी कधी अजून वाजतो, तेव्हा मी पितळेची असून गारठते. अवनी मात्र त्याच दाराला पाठ टेकून निवांत गणिते सोडवत बसते.