सात समुद्रांचं आंबट तीर्थ

सकाळचे आठही वाजले नव्हते, तरी अनसिंगच्या बाजार-मैदानात तीनशे माणसं जमली होती. मांडवाबाहेर चपला मात्र सहाशे भरत नव्हत्या. रोज वीस-पंचवीस चपलांना मोक्ष मिळे. महाराजांचा तेवढा एक चमत्कार खरा मानायला हरकत नाही.

महाराजांचं नाव सागरनाथ. बारा वर्षं समुद्राच्या तळाशी तप केलं, असं ते सांगत. अनसिंगपासून समुद्र पाचशे किलोमीटर. तपासायला कोण जातो? त्यात यंदा ऐन काढणीत पावसानं सोयाबीन झोडपलेलं. महाराजांना आयतंच मैदान मिळालं.

"समुद्र खवळला आहे! आधी मुंबई गिळेल, मग नाशिक, मग तुमचं वाशीम! कोप कोणाच्या घरावर, ते हा शंख बोलेल!"

वाटीत इवलासा शंख ठेवायचा, नाव पुकारायचं आणि तांब्यातलं 'सात समुद्रांचं जल' ओतायचं. कोप असला की शंख फसफसे, पांढरा फेस वर येई. मग रोज येऊन घोटभर तीर्थ प्यायचं आणि शांतीसाठी सोयाबीनचा एक कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, आणून टाकायचा. गंमत अशी, की ज्यांचं पीक वाचलं होतं नेमका त्यांच्यावरच कोप. ज्याच्या घरी दाणा उरला नाही, त्याच्या नावाला शंख ढिम्म. गावातल्या कोठारांची इतकी बारीक खबर समुद्राला कशी, हे कोणी विचारलं नाही.

किराणा दुकानवाल्या उस्मानभाईंची बायको नसीम आदल्या दिवशी इथे आली होती. शेजारच्या मनकर्णाबाईंनीच तिला आणलं. नसीमची लेक फरहा रत्नागिरीला समुद्रविज्ञान शिकते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली, सोमवारी परत जायचं. शेवटचं वर्ष. नसीमनं लेकीचं नाव घेतलं आणि वाटी उतू गेली.

"पोरीला समुद्र बोलावतो आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले. "गेली, तर परत येणार नाही."

नसीमनं घरी येऊन फरहाची बॅग कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. रात्री जेवलीही नाही.

म्हणून आज फरहा स्वतः मांडवात आली. मागे आई, त्यामागे दुकान बंद करून उस्मानभाई.

"महाराज, मलेही तीर्थ द्या," ती म्हणाली.

महाराजांनी चमचाभर ओतलं. फरहानं ते जिभेवर घोळवलं आणि मनकर्णाबाईंकडे वळली. "काकू, तुमी आठ दिवसांपासून हे पिऊन राह्यल्या ना? चव कशी लागते?"

"आंबट, वो बाई. सरबतावानी."

"अन् समुद्र कसा असते?"

मनकर्णाबाई थबकल्या. "खारट म्हणतात बा. पण आमी काय पाह्यला? सात समुद्र एकात केले तं होत असन आंबट!"

पहिलं हसू तिथे फुटलं. महाराज गरजले, "मूर्ख पोरी! हे सिद्ध जल आहे. कोप असेल तिथेच फेसाळतं!"

फरहानं मैदानाच्या कडेच्या आमलेटच्या गाडीवरून मूठभर टरफलं आणली, चुरगाळून वाटीत टाकली आणि महाराजांनी हात धरायच्या आत तांब्या त्यावर ओतला. फस्स! फेस वर आला.

"आता कोंबडीवरही कोप झाला काय?" मागून कोणी ओरडलं. "ते कधी गेलती रत्नागिरीले?"

मग तिनं आसनामागचा दुसरा तांब्या उचलला. त्यातलं पाणी दुसऱ्या वाटीतल्या शंखावर ओतलं. काहीच नाही. नुसतं विहिरीचं पाणी. श्रीमंताला पहिला तांब्या, गरिबाला दुसरा.

"शंख, शिंपला, अंड्याचं टरफल, सगळे एकाच चुनखडीचे," फरहा म्हणाली. "त्यावर आंबट पडलं की ते विरघळते अन् वायू सुटते. तोच हा फेस. पहिल्या तांब्यात लिंबूसत हाय."

"अरे!" उस्मानभाईंनी कपाळावर हात मारला. "चार किलो लिंबूसत माह्याच दुकानातून नेलं यानं! मले म्हणे, भक्ताईले सरबत पाजतो!"

"खोटं नाही बोलला," मनकर्णाबाई तोंड वाकडं करत म्हणाल्या. "पाजलंच नं."

गर्दी गडगडून हसली. महाराज झोळी शोधू लागले. दोघा-चौघांनी त्यांना धरून बसवलं आणि कट्टे ज्याचे त्याला मोजून देण्याच्या कामाला लावलं. फरहा मात्र हसली नाही.

"समुद्र बदलून राह्यला, हे खरं हाय," ती म्हणाली. "आपल्या धुराचा वायू त्यात मुरते. पाणी केसभर आंबटाकडं सरकते. जिभेले कळत नाही, पण शिंपल्याच्या पिल्लाले कवच बांधणं जड जाते. ते मी मोजते. अन् तापलेल्या समुद्रावरून ढग जास्त पाणी भरून आणतात. आपल्या सोयाबीनवर पडलं त्यातलं काही तिथलंच. हा कोप नाही, हिशेब हाय. तो शिकला पाह्यजे."

नसीम पुढे आली. म्हणाली, "तुले पोहता येते?"

"येते, अम्मी. पहिल्याच वर्षी शिकली."

"बोटीत जाकीट घालतात?"

"घातल्याशिवाय चढूच देत नाहीत."

"अन् हवा बिघडली तर?"

"इशारा आला की बोट निघतच नाही."

नसीमनं पदराची गाठ सोडली, किल्ली लेकीच्या हातावर ठेवली. "हे मी कालच तुले काहून नाही विचारलं?"

वाचकहो, तुम्हीही विचारा. भीती वाटणं गुन्हा नाही. नसीमची भीती खरीच होती. पण भीतीला प्रश्न करता येतो, आणि तो ज्याला माहीत आहे त्यालाच विचारायचा असतो. आणि कोणी तुमच्या ओंजळीत समुद्र ओतला, तर डोळे मिटण्याआधी एकदा चव घ्या, आणि कशी लागली ते मोठ्यानं सांगा.