चमचाभर साखरपाणी

पाचव्या महिन्यात माया पहिल्यांदा तपासणीला गेली, तेव्हा रक्तात एचआयव्ही निघाला. मग रवींद्रचं रक्त तपासलं. त्यालाही निघाला. कुणाकडून कुणाला आला, हे दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. माया जेवण झालं की गोळी घ्यायची, भांडी घासायची आणि झोपायची. रडू असं आलंच नाही. दाढ काढल्यावर गाल बधिर असतो ना, तसं आतलं सगळं झालं होतं.

दिवस भरत आले तेव्हा दवाखान्यातल्या समुपदेशक देवयानी मॅडमनी दोघांना बोलावून घेतलं. बाळाला दूध कुठलं द्यायचं, ते ठरवायचं होतं.

"ठरवायचं काय त्यात? डब्यातली पावडर देऊ," रवींद्र म्हणाला. "हिच्या अंगावरचं नकोच. आमचं झालं ते झालं, पोराला कशाला?"

"देता येईल. निर्णय तुमचाच आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दिवा स्टेशनजवळ राहता ना? तिकडे पाणी कसं येतं?"

"येतं तेव्हा येतं. नाहीतर टँकर."

"प्रत्येक वेळी पाणी उकळायचं, वाटी-चमचा उकळायचा. रात्रीसुद्धा. कोण करेल?"

"आई आहे माझी."

"त्यांना माहितेय?"

रवींद्रने मान खाली घातली. माया भिंतीवरच्या हसऱ्या बाळाच्या चित्राकडे बघत होती.

मॅडम खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "माया, तू गोळ्या चुकवल्या नाहीस. आता रक्तात विषाणू इतका कमी झालाय की तपासणीत सापडत नाही. अशा वेळी अंगावर पाजलं तर बाळाला लागण व्हायची शक्यता फार कमी असते. अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण खराब पाण्याने जुलाब होऊन बाळ दगावतं, तेही खरंय. काहीही ठरव, पण पहिले सहा महिने एकच. अंगावरचं तर फक्त अंगावरचं. वर पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. वरचं काही दिलं की कोवळ्या आतड्याला इजा होते, आणि मग विषाणूला आत शिरायला वाट मिळते. डॉक्टरांनी दिलेली औषधं तेवढी चालतील. तुला काय वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही," माया म्हणाली. मग म्हणाली, "अंगावर पाजते. टँकरच्या पाण्याचा मला भरवसा नाही."

रवींद्रने तिच्या गोळ्यांची पिशवी उचलली.

मुलगी झाली. नर्सने तिला औषधाचे थेंब पाजले आणि मायाच्या कुशीत दिलं. देवयानी मॅडम वॉर्डात येऊन गेल्या. बाळाचं तोंड कसं लावायचं, हात कुठे ठेवायचा, ते त्यांनी दाखवलं. बाळ ओढायला लागलं. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या बाळाशी बोबडं बोलत होती. मायाला फक्त ओढ जाणवली, आणि पोटात थोडी कळ. ती भिंतीकडे बघत राहिली.

दिव्याच्या खोलीवर स्लॅब होता आणि स्लॅबवर ऊन. सासू रमाबाई बाळाला मांडीवर घेऊन पेपराने वारा घालायच्या. "अगं, ओठ बघ कसे सुकलेत पोरीचे. दोन थेंब पाणी पाज."

"डॉक्टरांनी नाही सांगितलंय, आई."

"डॉक्टरचं काय जातं सांगायला! ह्या रवीला मी पहिल्या दिवसापासून पाजलंय. मेला का तो?"

माया बाळाला उचलून छातीशी लावायची.

एके दिवशी दुपारी ती अंघोळ करून मोरीतून बाहेर आली. रमाबाईंच्या हातात चमचा होता. बाळाच्या हनुवटीवरून पाण्याचा ओघळ खाली आला होता, आणि बाळ चुटुचुटु ओठ हलवत होतं.

"साखरपाणी आहे गं. रडत होती," रमाबाई म्हणाल्या. "बघ, कशी गप झाली."

माया ओल्या केसांनी तशीच खाली बसली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज आला तो साधाच, भाजीचं विचारावं तसा.

"आई, मला एचआयव्ही आहे. ह्यांनाही आहे. दोघं गोळ्या खातो. बाळाला वरचं काही दिलं तर तिलाही होऊ शकतं."

चमचा रमाबाईंच्या हातातच राहिला. बाहेर कुणीतरी टँकर आला म्हणून ओरडलं. बायका हंडे घेऊन धावल्या. रमाबाई हलल्या नाहीत.

"कुणाकडून आलं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. कळून काय होणार?"

संध्याकाळी रवींद्र कामावरून आला, तेव्हा रमाबाईंनी त्याला पाणीही विचारलं नाही. रात्री त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मायाचं ताट त्यांनी दोन दिवस वेगळं मांडलं. मायाने ते पाहिलं आणि त्याच ताटात जेवली. तिसऱ्या दिवशी रमाबाई चहा गाळताना म्हणाल्या, "त्या बाईकडे ने मला. मी पाजलेलं पोरीला किती बाधलं, ते विचारायचंय."

देवयानी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रमाबाईंचा पदर तोंडावर होता.

"आजी, एकदा झालं, आता होऊ द्यायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठी दूध बंद करू नका. औषधाचा डोस चुकवू नका. आणि एका ताटात जेवून हे होत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी आपण होऊन जोडलं. मायाने त्यांना ताटाचं काहीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर कुणी शेजारीण घुटीची बाटली घेऊन आली की रमाबाईच दारात आडव्या व्हायच्या. "आमच्या डॉक्टरने नाही सांगितलंय," एवढंच म्हणायच्या. रवींद्रशी मात्र त्या कामापुरतंच बोलायच्या.

दीड महिन्याची झाल्यावर बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत माया दोनदा भाताला मीठ घालायला विसरली. बाकी सगळं नेहमीसारखं चाललं.

"निगेटिव्ह आहे," मॅडम म्हणाल्या. "अजून तपासण्या आहेत. दूध चालू आहे तोवर आणि नंतरही. पण आज निगेटिव्ह आहे."

रवींद्र उठून बाहेर गेला आणि व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. रमाबाई रडल्या. मायाने वाट पाहिली, आत काही हलतंय का याची. काही हलेना.

"मॅडम, मला आनंद का होत नाहीये?"

"होईल. नाही झाला लवकर, तर पुढच्या वेळी त्यावरच बोलू. तू पाजतेयस ना, तेवढं पुरे सध्या."

बाहेर येऊन बाकावर बसल्या, तसं बाळ रडायला लागलं. रमाबाईंनी पदर पसरून आडोसा धरला. माया पाजायला बसली. पिता पिता बाळाने तिचं एक बोट मुठीत धरलं, आणि मायाला ती पकड चांगलीच घट्ट वाटली.

"आई," ती म्हणाली, "मला भूक लागलीय. खूप."

"काय खाशील?" रमाबाईंनी विचारलं. व्हरांड्यातल्या रवींद्रला त्यांनी मोठ्याने हाक मारली, "रवी, पोळीभाजी आण रे हिच्यासाठी. गरम बघून आण."