दुर्बिणीवरचं मेण

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. मिसाहून आल्यावर मी पाइनच्या डहाळ्यांच्या गोल कड्यातली पहिली जांभळी मेणबत्ती लावली, तेवढ्यात माझा नवरा कॉनराड बंदूक घेऊन टेबलाशी आला.

"दे जरा ती."

"ही प्रार्थनेची आहे. खणात साधी आहे, ती घे."

त्याने साधी घेतली. बंदुकीवरच्या दुर्बिणीला नेम सरकवायचा स्क्रू असतो, त्यावर छोटं टोपण असतं. टोपण आणि दुर्बीण दोन्हींवर मिळून त्याने मेणाचा एक थेंब पाडला आणि फुंकर घालून वाळवला. टोपण कोणी फिरवलं, तर मेण तडकणार.

"घरातल्या माणसावर सापळा लावतोस?" मी म्हणाले.

"घरातला असता तर लावला नसता."

विल्मर त्याचा धाकटा भाऊ आणि माझ्या बहिणीचा, रोझेलाचा नवरा. आम्ही दोघी बहिणी एकाच घरात दिल्या. मागचा डोंगर आणि त्यावरची शिकारीची झोपडी सासऱ्यांनी दोघा भावांच्या नावावर ठेवली होती. तीन हंगाम झाले, कॉनराडची गोळी वाया जात होती. वरच्या मचाणावरून त्याने झाडली की हरीण उताराने पळायचं ते नेमकं खालच्या मचाणापाशी, विल्मरच्या पुढ्यात. नेम चुकलेल्याच्या सदऱ्याची शेपटी, म्हणजे मागचा लोंबता भाग, कापून झोपडीच्या भिंतीवर ठोकायची, ही आमच्याकडची जुनी रीत. सासऱ्यांची एकच शेपटी तिथे होती, कॉनराडच्या ओळीने तीन. कापणारा दर वेळी विल्मर.

बरं, बंदुकीत खोट म्हणावी तर तीही नाही. चुकल्यावर कॉनराड नेमबाजी क्लबाच्या मैदानावर जाऊन कागदावर झाडून बघायचा, तर गोळ्या मधोमध. म्हणून त्याच्या मनाने घेतलं की विल्मर हंगामाआधी स्क्रू फिरवतो आणि नंतर गुपचूप जागेवर आणतो.

"या वेळी सापडला तर डोंगर वाटून घेणार," तो म्हणाला. "मधून तारेचं कुंपण. त्याने या घराची पायरी चढायची नाही आणि तुझ्या बहिणीनेही नाही."

मी जपमाळ हातात घेतली. रोझेला वयाने माझ्याहून लहान. तिचे दोन्ही मुलगे माझ्या हातावर जन्मले. तार पडली, तर चर्चमध्येसुद्धा आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसणार.

दुपारी विल्मर काडतुसं घेऊन आला. दोघांची काडतुसं तोच तळघरात भरतो. कॉनराड लाकडं आणायला गेला होता. मी कॉफी घेऊन मागच्या खोलीत गेले, तर विल्मर खिडकीपाशी कॉनराडची बंदूक हातात धरून उभा, डोळे दुर्बिणीवर.

"काय बघतोयस रे?"

"वजन," तो म्हणाला आणि बंदूक जागेवर ठेवली. "फार जड आहे बुवा ही. कॉनसारखीच." हसला, पण कॉफी न घेताच गेला.

बंदुकीचं वजन डोळ्यांनी बघतात का? मी मेण पाहिलं. शाबूत होतं. तरी काडतुसांच्या डबीकडे बघवेना.

सोमवारी हंगाम उघडला. त्या दिवशी आमच्याकडे शाळा बंद, कारखाने बंद, सगळे पुरुष डोंगरावर. उजाडताना मी भांडी विसळत होते. वरून एक बार ऐकू आला. मी हात थांबवले. थोड्या वेळाने खालून दुसरा. तिसऱ्याची वाट बघायची गरज नव्हती.

दुपारी आम्ही दोघी हॅम आणि राजमा घेऊन झोपडीवर गेलो. विल्मरचं हरीण ओंडक्याला टांगलेलं होतं, चांगली रुंद शिंगं. कॉनराड पाठ करून उभा आणि विल्मर त्याच्या सदऱ्याची शेपटी सुरीने कापत होता.

"ओडिल, आता याला शेपटीविनाच सदरे शिव," तो मला म्हणाला. "कापड वाचेल."

नेहमी रोझेला सगळ्यांत मोठ्याने हसते. त्या दिवशी ती नुसती ताटं मांडत राहिली. हिला काही ठाऊक आहे, असं माझ्या मनात आलं आणि त्या विचाराचीच मला भीती वाटली.

घरी आल्याबरोबर कॉनराडने बंदूक साफ केली. हा त्याचा नेम माझ्या जपाइतका पक्का. एक गोळी झाडली तरी गजाला चिंधी लावून नळी चकचकीत पुसायची आणि वरून तेलाचा भरपूर हात द्यायचा. विल्मर वर्षाकाठी एकदा पुसतो, तेही रोझेलाने ओरडल्यावर.

"मेण जसंच्या तसं आहे," कॉनराड म्हणाला.

"देवाची कृपा."

"म्हणजे काडतुसं." त्याने डबी टेबलावर आपटली. "त्यात दारू कमीजास्त भरली. काल तो या खोलीत एकटा होता का?"

खोटं बोलायचं नाही, हे व्रत सोपं असतं, जोवर कोणी विचारत नाही. मी म्हणाले, "होता. बंदूक हातात घेऊन."

मंगळवारी सकाळीच त्याने विल्मरला मैदानावर बोलावलं. रोझेला त्याच्याबरोबर आली, मी कॉनराडबरोबर. मैदानावर दुसरं कोणी नव्हतं. कॉनराडने कागद लावला, डबी विल्मरच्या नाकासमोर धरली.

"तुझी काडतुसं. बघ काय होतं ते."

तो बाकावर बसला, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि झाडली. मग आणखी तीन. विल्मरने कागद आणला. तीन भोकं काळ्या वर्तुळात एकमेकांना चिकटून होती. एक मात्र चांगलं मूठभर वर.

"तिन्ही मधोमध," विल्मर म्हणाला. "म्हणजे काडतुसं चांगली, नाही का?"

"यातली चांगली. मचाणावर नेलेली निराळी होती. निवडून दिलीस तू. रविवारी माझ्या घरात घुसून."

"घुसून? ओडिलने कॉफी दिली मला."

"पळालास की कॉफी टाकून. चोरासारखा."

रोझेलाने माझ्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

मी होय म्हणून मान हलवली. ती माझ्यापासून दोन पावलं सरकली.

"मेण बघत होतो मी," विल्मर हळू आवाजात म्हणाला. "टोपणावर मेण दिसलं. कोणासाठी लावलंय ते कळायला वेळ लागतो का? रोझेलाला सांगितलं, तर ती रात्रभर रडली. तरी काल तुझी शेपटी कापली, हसलो, म्हटलं याचं डोकं ठिकाणावर येईल."

मी त्याच्या हातातला कागद घेतला. वरच्या एकट्या भोकात मी बोट घातलं.

"ही कुठली?"

"ती पहिली," कॉनराड त्रासून म्हणाला. "नळी गरम करायची असते. ती मोजत नाहीत."

"का?"

"का म्हणजे? इथे कोणीच मोजत नाही. बाबाही मोजत नसत."

"माळेचा पहिला मणी आम्ही सोडत नाही," मी म्हणाले. "आणि हरीण तर पहिलीलाच पळतं."

विल्मरने कागद माझ्याकडून घेतला. बराच वेळ बघत राहिला.

"कॉन, काल साफ केलीस?"

"रोजच करतो. तुझ्यासारखं धुराडं नाही माझ्याकडे."

"तेल?"

"मग काय पाणी?"

विल्मरने गज मागितला. तेलाची चिंधी नळीतून फिरवली, त्याच डबीतलं काडतूस भरलं आणि बंदूक भावाच्या हातात दिली. कॉनराडने नवा कागद लावून एकच गोळी झाडली. आणायला तो स्वतः गेला. येताना त्याची चाल मंदावली होती.

भोक मूठभर वर होतं. आदल्या कागदावर धरलं, तर त्या एकट्या भोकाच्या शेजारी.

"डोंगरावर हरीण याच्या दुप्पट लांब असतं," विल्मर म्हणाला. "पाठीवरून जाते तुझी गोळी. तेलाने ओल्या नळीतली. तिने तेल जळून जातं, मग पुढच्या नेमक्या."

कॉनराडने दोन्ही कागदांच्या घड्या घातल्या, उलगडल्या, पुन्हा घातल्या. मग म्हणाला, "तार नाही घालणार."

"कुठली तार?" रोझेलाने विचारलं.

कॉनराड बंदूक गाडीत ठेवायला गेला. परतताना ती आमच्या गाडीत बसली, पण घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

डोंगर एकच राहिला. पुढच्या वर्षी कॉनराडने रविवारी कोरड्या चिंधीने नळी पुसली, एक गोळी मातीत झाडली आणि मग बंदुकीला हात लावला नाही. दुपारी विल्मर आला. कॉफी प्यायला आणि बाजारातून आणलेली काडतुसांची डबी टेबलावर ठेवली.

"हे काय? तू भरली नाहीस?" कॉनराडने विचारलं.

"वेळ नाही झाला रे." त्याने डबी पुढे सरकवली. कारखान्याची कागदी पट्टी तशीच चिकटलेली होती. "बघून घे. मी उघडलेली नाही."

कॉनराडने पट्टीवर अंगठा ठेवला. फोडली मात्र नाही, विल्मर जाईपर्यंत.