उजवीकडे पडणारी सावली

मित्रांनो, मी एक जुना चंद्र आहे. आकाशातला नव्हे, फोटो स्टुडिओतला, प्लायवुडचा. एका सुताराने मला चंद्रकोरीच्या आकारात कापलं, पाठीमागे माणूस बसेल एवढी फळी ठोकली आणि माझ्या चेहऱ्याला नाक काढताना बहुधा आरशात बघितलं, कारण माझं नाक हुबेहूब त्याच्यासारखं झालं. वरून पांढरा ऑइलपेंट आणि रुपेरी पूड. मागे काळा मखमली पडदा, त्यावर चमकत्या कागदाच्या टिकल्या. झाली रात्र तयार. भर दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असायचं आणि लोक आत येऊन चांदण्यात बसायचे.

माझ्या मालकाला सगळे फोटोवाले काका म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. नवी जोडपी आली की काका मुलीला माझ्यावर बसवत आणि मुलाला शेजारी उभं करत. रुसलेली जोडपीसुद्धा माझ्यापाशी आली की हसत. हा माझा गुण आहे असं मला वाटे. थोडा गर्व होता मला, नाही कशाला म्हणू?

त्या गर्वाला खतपाणी घातलं एका मास्तरांनी. ते साहित्य शिकवायचे आणि स्वतःच्या कवितासंग्रहासाठी त्यांना माझ्यासोबत फोटो हवा होता. माझ्यावर बसताना त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, “मोडणार नाही ना हो?” मग बसल्या बसल्या ते म्हणाले, “एवढं लक्षात ठेवलं की निम्मी कविता कळते. चांदणं म्हणजे प्रेम, काळोख म्हणजे दुःख. चित्रातही तेच, नाटकातही तेच.”

काकांची मुलगी तेव्हा लहान होती. दिव्याची वायर उचल, पडद्यामागे शिर, टिकल्या चिकटव, असं तिचं सतत चाललेलं असे, म्हणून काकांनी तिचं नाव लुडबुडी ठेवलं होतं. ती मास्तरांना म्हणाली, “पण निगेटिव्हमध्ये आमचा चंद्र काळा दिसतो. आणि पडदा पांढरा.”

“ते तसं नसतं बाळ,” मास्तर म्हणाले.

“तसंच असतं. दाखवू?” ती खरंच निगेटिव्ह घेऊन आली. मास्तरांनी उजेडात धरून पाहिली आणि हसून परत दिली. मीही मनात हसलो होतो. मला मास्तरांचं म्हणणं आवडलं होतं.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगतो. दिवा बसणाऱ्याच्या उजवीकडे उंच टांगलेला असे. माझं वरचं टोक दिव्याच्या वाटेत येई आणि त्याची काळसर सावली बसणाऱ्याच्या मानेवर उजव्या बाजूला पडे. डावी बाजू अगदी स्वच्छ. काकू कितीदा म्हणाल्या, “अहो, तेवढं टोक कापून टाका की.” काका म्हणत, “टोकाशिवाय कसली कोर? मी काढीन डाग पेन्सिलीने.”

आणि ते काढत. खिडकीपाशी त्यांचं तिरक्या काचेचं टेबल होतं. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने हलके हलके भरत जायचं. माणसाच्या अंगावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये उजळ दिसतो. तिथे पेन्सिल फिरवली की फोटोत तो नाहीसा होतो. मुरूम, देवीचे व्रण, माझी सावली, सगळं काका पुसून टाकत. त्यांचा हात इतका सरावला होता की तोंडाने गाणं गुणगुणत ते हे करत. लुडबुडी शेजारी बसून बघायची. सावली कुठे पडते हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

ती मोठी झाली, तिचं लग्न झालं. वर्षभराने ती नवऱ्याबरोबर फोटो काढायला आली. जावई बोलायला गोड होता. त्याने काकांना वाकून नमस्कार केला, माझ्या नाकावरून विनोद केला. लुडबुडीने मात्र गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळली होती. काका कॅमेऱ्यामागे गेले, डोक्यावरून काळं कापड घेतलं, तेव्हा तिने ओढणी काढली आणि मानेची डावी बाजू कॅमेऱ्यासमोर केली.

मी तिच्या अगदी जवळ होतो, मित्रांनो. तिच्या मानेवर बोटांचे वळ होते.

“इकडे वळ गं जरा, नेहमीसारखी,” कापडाखालून काका म्हणाले.

“नको बाबा. आज अशीच काढा.” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि फोटो नीट बघा हं.”

नवरा शेजारीच उभा होता. त्याच्या देखत तिला एवढंच बोलता आलं. बाकीचं तिने त्या कॅमेऱ्यावर सोपवलं होतं. कॅमेऱ्यावर तिचा विश्वास होता आणि बापाच्या नजरेवर तर होताच.

काकांकडे तेव्हा लग्नाच्या फोटोंचा ढीग पडला होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिची निगेटिव्ह काचेवर ठेवली. चंद्राची सावली त्यांनी पुसली. मग डावीकडचा डागही पुसला, गुणगुणत. मी समोर उभा होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं, पण प्लायवुडला कुठला आवाज? फोटो फार सुंदर आला. काकांनी तो मोठा करून बाहेरच्या काचेच्या कपाटात लावला. येणारेजाणारे थांबून म्हणत, किती सुखी दिसतात दोघं.

तिला त्या फोटोची प्रत पोचली तेव्हा ती काय म्हणाली असेल, याचा विचार करायला मला आजही धीर होत नाही.

थंडीत बातमी आली. लुडबुडी गेली. जिन्यावरून पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. काही दिवसांनी जावयाचा भाऊ स्टुडिओत आला. भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटो हवा होता. दादाला आणि चंद्राला कापून टाका, म्हणाला.

काकांनी निगेटिव्ह बाहेर काढली. चेहरा मोठा करायचा म्हणून भिंग लावून पाहू लागले आणि पाहता पाहता थांबले. पेन्सिलीच्या रेघा त्यांच्याच होत्या. मानेच्या एका बाजूला होत्या आणि दुसऱ्या बाजूलाही होत्या.

ते उठले. दिवा लावला, काकूंचा हातआरसा घेतला आणि माझ्यावर येऊन बसले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर बसले होते. आरशात त्यांनी मान पाहिली. माझी सावली उजवीकडे पडली होती. त्यांनी डावीकडे मान वळवली, पुढे वाकले, मागे सरकले. सावली डावीकडे काही गेली नाही.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. “अहो, हे काय करताय?”

“तिने दाखवलं होतं गं मला,” काका म्हणाले. “मी पुसून टाकलं.”

काकूंनी त्यांच्या हातातला आरसा काढून घेतला. बराच वेळ कुणी दिवा बंद केला नाही.

मग काकांनी कापसाला टर्पेंटाइन लावून निगेटिव्हवरची पेन्सिल साफ केली. काळ्याभोर चंद्राशेजारी, तिच्या मानेवर ते वळ पांढरेशुभ्र उजळले. निगेटिव्हमधल्या तिच्या काळ्या त्वचेवर सगळ्यांत लख्ख तेच होते. लहानपणी ती मास्तरांना हेच तर दाखवत होती.

जावयाचा भाऊ फोटो न्यायला आला. त्याने फोटो पाहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “काका, हा मानेवरचा डाग तेवढा काढा ना. तुम्ही काढता की नेहमी.”

“काढला होता एकदा,” काका म्हणाले. “आता नाही काढणार.”

तो फोटो त्यांनी जुन्या फोटोच्या जागी कपाटात लावला. लोक आता थांबत, पण बोलत नसत. एक फोटो काका पोलिसांकडे घेऊन गेले. तिथे कुणी म्हणालं, ही तर सावली असेल, चंद्राची. त्यावर पुढे काय झालं मला ठाऊक नाही. त्यानंतर काकांनी पेन्सिल हातात धरली नाही आणि स्टुडिओही फार चालला नाही. आज मी मागच्या खोलीत भिंतीला तोंड करून उभा आहे. रंगाचे पोपडे उडालेत, नाकाला वाळवी लागली आहे.

मला पुन्हा रंग द्या, असं मी म्हणणार नाही. चांदण्यावर कविता करा, चित्रं काढा, मला त्याचा राग नाही. फक्त तुमच्या घरातलं कुणी मान वळवून “नीट बघा” म्हणालं, तर हातातलं काम खाली ठेवून बघा. त्या माणसाकडे बघा, आणि डाग दिसला तर तो कसला आहे हे आधी विचारा.

आणि त्या पोलिसांपैकी कुणी हे वाचत असेल, तर माझं एक सांगणं आहे. मी अजून इथेच आहे, टोकासकट. दिवा लावा आणि स्वतः बसून पाहा. माझी सावली उजवीकडे पडते.