उजव्या खुर्चीतला हुंकार

वेंडेल हूकस्ट्रांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या दाढांमुळे. अमेरिकेतल्या ओक हार्बरच्या दातांच्या दवाखान्यात मी मागच्या खोलीत काम करते. पुढच्या खोलीतून तोंडाचं मोजमाप माझ्या कॉम्प्युटरवर येतं, मी पडद्यावर दात घडवते आणि यंत्र तो कोरून देतं. माणूस मला दिसत नाही, दिसायची गरजही पडत नाही. हूकस्ट्रांच्या दाढा जात्याच्या तळीसारख्या सपाट झिजल्या होत्या. आमच्या गावात असे दात पुष्कळ निघतात. जहाजावर विमान उतरवणाऱ्यांचे दात असेच होतात, असं आमच्या डॉक्टरांचं मत. त्याला पुरावा काही नाही, पण गाव नौदलाचं, त्यामुळे कोणी वाद घालत नाही.

दवाखान्याबाहेरचा माझा वेळ इन्ट्रूडरमध्ये जायचा. जहाजावरून उडणारं हे बॉम्बफेकी विमान आता कुठेच उडत नाही. एके काळी आमच्या गावावरून दिवसभर घरघरत जायचं. माझे वडील फिलिपिन्समधून नौदलात भरती होऊन इथे आले आणि या विमानांच्या अंगावरचं मीठ धुण्यात त्यांची नोकरी संपली. "तोंडाने बेडूक आहे," ते म्हणायचे, "पण गुणी आहे." आम्ही काही हौशी माणसं ते विमान कॉम्प्युटरवरच्या उडण्याच्या खेळासाठी बनवत होतो. आतली बसायची जागा घडवायचं काम माझ्याकडे होतं. आमचा म्होरक्या टिमो फिनलंडमध्ये राहायचा. त्याला आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं.

इन्ट्रूडरमध्ये दोघं शेजारी शेजारी बसतात. डावीकडे पायलट. उजवीकडचा रडारमध्ये डोकं घालून वाट सांगतो आणि बॉम्ब टाकतो. खेळणारा माणूस पायलट होणार, तेव्हा उजवीकडे मी हेल्मेट घातलेला एक बाहुला बसवला होता. टिमोने कळवलं, "बाहुला बोलला पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, प्रेत घेऊन उडतोय."

हूकस्ट्रा एके काळी याच विमानातून उडायचे, हे मला डॉक्टरांकडून कळलं होतं. म्हणून ते दाढ बसवून घ्यायला आले तेव्हा मी पहिल्यांदाच मागच्या खोलीतून उठून पुढे गेले. उंच, किंचित वाकलेले म्हातारे गृहस्थ. इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर झालेलं.

"सर, तुम्ही इन्ट्रूडरमध्ये उजवीकडे बसायचात ना?"

"बशायचो," ते म्हणाले.

"मला तुमचा आवाज हवाय."

"आत्ता?"

"बधिरपणा उतरल्यावर."

पुढच्या शनिवारी मी माईक घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, ग्रेटाने, कोट टांगायची खोली मोकळी करून दिली होती. कोटांमुळे आवाज घुमत नाही. हूकस्ट्रा स्टुलावर बसले, दोन्ही बाजूंनी लोकरीचे कोट त्यांच्या कानांना लागत होते. टिमोने लिहून पाठवलेलं मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि मांडीवर पालथं ठेवलं.

"'क्षेपणास्त्र आलं, उजवीकडे वळ, वळ, वळ.' हे कोण बोलतं?"

"तुम्ही, सर."

"मी असं कधी बोललो नाही. एवढं बोलेपर्यंत ते पोचतं."

"मग काय म्हणायचात?"

त्यांनी विचार केला. "हं."

"नुसतं हं?"

"नुसतं नाही. वेगवेगळं."

आणि त्यांनी ते वेगवेगळं म्हणून दाखवलं. खाली जातोयस याचा हं, वेग जास्त झाला याचा हं, इंधनाचा, डावीकडे बघचा. माझ्या कानाला सगळे बिजागरी कुरकुरल्यासारखे एकच. बाहेरून ग्रेटा म्हणाली, "लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय मी. मला त्यातले दोनच कळतात."

"कुठले?"

"भूक लागलीय, आणि भूक नाही."

मी सगळे हुंकार माईकवर भरून घेतले, घरी जाऊन अंदाजाने एकेका प्रसंगाला जोडले आणि टिमोला पाठवले. टिमोने उलट विचारलं, "या माणसाची तब्येत बरी आहे ना?" पण दुसरा आवाज हाताशी नव्हता, म्हणून विमान तसंच चाचणीसाठी बाहेर गेलं. चाचणी करणाऱ्यांनी लिहिलं की उजवीकडचा माणूस झोपेत आहे. एकाने त्याला बद्धकोष्ठाचं औषध सुचवलं.

मग एक दिवस दवाखान्यात ॲरिझोनाहून फोन आला.

"विमानात दातांचं काम करणारी लिगाया तूच का?" आवाज म्हाताऱ्याचा, पण खणखणीत.

"दातांचं काम दवाखान्यात करते. विमानाचं घरी."

"उजवीकडचा तो माणूस तुला कुठे सापडला?"

"इथेच. का?"

"त्याचे हं तू उलटेसुलटे लावलेयस. मी पाण्याच्या दिशेने चाललोय आणि तो मला इंधनाचं सांगतोय. वेंडेल असं जन्मात करणार नाही."

फोनवरचा माणूस म्हणजे कर्टिस लास्को. हूकस्ट्रांचा पायलट. नातवाने त्यांच्या कॉम्प्युटरवर खेळ घालून दिला होता, आणि उजवीकडून आवाज आल्यावर ते खुर्चीतून पडायचे राहिले होते. माझा फोन नंबरही नातवानेच शोधून दिला होता.

"कुठला हं कशाचा ते तुम्ही सांगाल का, सर?"

"त्यालाच विचार की."

"विचारलं. ते म्हणतात, ज्याला कळायचं त्याला कळतं."

"असं म्हणाला?"

"हो."

"मी येतो," लास्को म्हणाले आणि फोन ठेवला.

मी हे हूकस्ट्रांना सांगितलं तेव्हा त्यांनी एक हुंकार दिला. तो मी भरून घेतलेल्यांत नव्हता. ग्रेटाने मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

दोघं बरीच वर्षं एकत्र उडाले होते. मग एका सकाळी जहाजावरच्या गोफणीने, म्हणजे विमान हवेत फेकणाऱ्या यंत्राने, ते पुरेशा जोराने फेकलंच नाही. विमान कडेवरून सुटलं ते खालीच जायला लागलं. स्वतःला बाहेर फेकून घ्यायचा दांडा दोघांचा आपापला असतो. हूकस्ट्रांनी त्यांचा ओढला आणि ते खुर्चीसकट डोक्यावरची काच फोडून बाहेर गेले. लास्कोंनी ओढला नाही. विमान कसंबसं लाटांच्या वर राहिलं, चढलं, आणि शेजारची जागा रिकामी घेऊन लास्को एक फेरी मारून परत जहाजावर उतरले. तोवर हूकस्ट्रांना हेलिकॉप्टरने पाण्यातून उचललं होतं. खांद्याचं हाड मोडलं होतं.

"चौकशीत ठरलं, दोघांनीही बरोबर केलं," ग्रेटा म्हणाली. "तेच वाईट झालं. एकाची चूक निघाली असती तर भांडून मोकळे झाले असते."

खांदा बरा होईतो लास्कोंच्या उजवीकडे दुसरा माणूस बसायला लागला होता. त्यानंतर नाताळची कार्डं यायची-जायची. ती दोघांच्या बायका लिहायच्या. लास्कोंची बायको गेली आणि कार्डंही थांबली.

लास्को आले. बुटके, ताठ, शर्टाला कडक इस्त्री. दार हूकस्ट्रांनीच उघडलं.

"आलास."

"आलो."

"विमानाने?"

"गाडीने. दुसऱ्याने चालवलेल्या विमानात मी बसत नाही."

"मी बसायचो," हूकस्ट्रा म्हणाले आणि दारातून बाजूला झाले.

माझा कॉम्प्युटर ग्रेटाच्या जेवणाच्या टेबलावर मांडला होता. लास्को विमान चालवायची जॉयस्टिक धरून डावीकडे बसले. हूकस्ट्रा कोणी न सांगता उजवीकडे बसले. मी एकेक हुंकार ऐकवत गेले.

"खाली चाललोय," लास्को सांगायचे. "वेग जास्त. हा डावीकडे बघचा. हा इंधनाचा, पण घाबरायचं कारण नाही असा."

"आणि हा?"

"हा काही नाही. नाक ओढतोय तो."

हूकस्ट्रांनी मान डोलावली. जेवायच्या आधी काम संपलं. मी आईच्या हातचं पान्सित नेलं होतं, शेवयांचं. लास्कोंनी दोनदा वाढून घेतलं. ग्रेटा ताटल्या उचलायला लागली तेव्हा ते पडद्याकडे बघत म्हणाले, "पोरी, तुझ्या खेळात गोफण कमजोर करता येते?"

ग्रेटाचा हात थांबला.

"येते," मी म्हटलं. एक आकडा बदलायचा होता, बस. मी हूकस्ट्रांकडे पाहिलं.

"कर," ते म्हणाले.

विमान सुटलं आणि पाण्यात गेलं. लास्कोंनी पुन्हा सोडलं, पुन्हा गेलं. चेहरा न हलवता ते तेच करत राहिले. मध्येच एकदा विमान पाण्याला चाटून वर आलं. पुढच्या वेळी परत बुडालं.

"आत्ता मी काय वेगळं केलं?"

"काही नाही, सर. लाट आणि वारा दर वेळी बदलतात. टिमोने तसं ठेवलंय."

"म्हणजे मी जगलो ते फिनलंडमधल्या माणसाच्या मर्जीने."

"खेळात तरी."

हूकस्ट्रा म्हणाले, "मी दर वेळी दांडा ओढला असता."

"माहीत आहे."

"तू का नाही ओढलास?"

लास्कोंनी जॉयस्टिक सोडली. "तुझी वाट बघत होतो. तू हं म्हणशील, मग ओढू."

"म्हटलं मी."

"नाही म्हटलंस."

"म्हटलं, कर्टिस."

"मला ऐकू आलं नाही."

"येईल कसं? घोड्यासारखा श्वास घेत होतास. मला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं, तुला कुठून येणार?"

मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी विचारलं, "सर, तो हं भरून घ्यायचा का?"

मी जेवणाच्या टेबलावर थुंकल्यासारखं ग्रेटाने माझ्याकडे बघितलं. पण हूकस्ट्रा उठले, कोटांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. लास्कोंनी हेडफोन कानाला लावले. बराच वेळ नुसती कोटांची सळसळ येत होती. मग एक आवाज आला. आखूड, शेवटी जरा वर गेलेला, काही विचारल्यासारखा.

लास्कोंनी हेडफोन काढले. "हा मी कधी ऐकलेला नाही."

दाराआडून हूकस्ट्रा म्हणाले, "त्या सकाळच्या आधी मी कधी म्हटला नव्हता."

लास्कोंनी दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं, जसं काही ते ओलं होतं. नव्हतं. "राहू दे तो," ते मला म्हणाले. "जिथला आहे तिथे लाव." मग त्यांनी विचारलं, "आणि तो गेल्यावर तुझ्या विमानात उजवीकडे काय दिसतं?"

मी दाखवलं. बाहुला नाहीसा झाला. खुर्ची तिथेच, काच शाबूत.

"चूक."

"मग सांगा."

लास्कोंनी सांगितलं. खुर्ची राहत नाही, तिच्यामागचे दोन रूळ उभे राहतात, धुराने काळे झालेले. काचेच्या कडेला दातेरी तुकडे राहतात आणि वाऱ्याने थरथरतात. प्राणवायूची नळी लोंबत असते, रडारच्या झाकणावर आपटत असते, एका लयीत. पायाखालची सगळी धूळ वर येते, कधी काळी पडलेला एखादा स्क्रू येतो. नकाशे आधी तोंडावर येतात, मग बाहेर जातात. बोलताना ते कुठे अडखळले नाहीत. मी लिहून घेत होते, आणि घेता घेता माझ्या लक्षात आलं की त्या पूर्ण फेरीत हा माणूस समोर कमी आणि उजवीकडे जास्त बघत होता. हूकस्ट्रा परत येऊन बसले होते. आपण गावाला गेलो असताना आपल्या घरात काय झालं ते शेजारी सांगतोय, अशा चेहऱ्याने ऐकत होते.

लास्को चार दिवसांसाठी आले होते, ते त्याहून बरेच राहिले. मग गाडी काढून परत ॲरिझोनाला गेले. टिमोने शेवटी एका नटाकडून आरडाओरड्याचा आवाज भरून घेतला आणि खेळात दोन्ही ठेवले. बहुतेक लोक नटाला घेऊन उडतात.

रिकाम्या जागेचं काम मला पानगळ संपेपर्यंत पुरलं. झाल्यावर मी ते लास्कोंच्या कॉम्प्युटरवर पाठवलं, हूकस्ट्रांना घरी बोलावलं आणि लास्कोंना फोन लावून टेबलावर ठेवला. डाव्या खुर्चीतून दिसतं तसं दृश्य लावलं आणि सावकाश उजवीकडे वळवलं.

हूकस्ट्रा पुढे झुकले. रूळ बघितले, काचेचे तुकडे, आपटणारी नळी. चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

"दिसतंय का?" फोनमधून लास्को म्हणाले.

"दिसतंय." ते फोनकडे वळले. "बराच वारा लागला असेल तुला."

"लागला," लास्को म्हणाले. "लिगाया, ती नळी अजून जराशी लांब कर."