दोनशे अकरा मासे

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळं येतं. हे मी म्हणत नाही, तोच म्हणतो, आणि आमच्या घरी जावयाचं म्हणणं खोडून काढायची पद्धत नाही. लग्नाआधी तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता, तिथून थेट समुद्रात आला. जाळं कसं सोडायचं, ते ओढून घेणारा विंच कधी थांबवायचा, वारा फिरला की काय करायचं, असल्या किरकोळ गोष्टींत त्याने वेळ घालवला नाही. त्याने एकदम जीपीएस प्लॉटरचं माहितीपुस्तक हातात घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं, वॉरंटीच्या अटींसकट. बाबा तर त्याला अजून जावईबापूच म्हणतात.

मी थोरली. अठरा वर्षं धक्क्यावरच्या शेडमध्ये बसून बाबांची जाळी शिवते आहे. बोटीचं इंजिन उघडून बसवते, विंचला ग्रीस लावते, आणि गरज पडली तर बोट धक्क्यावरून काढून परत लावते. पण प्लॉटरचं माहितीपुस्तक मी वाचलेलं नाही, हा माझा मोठाच दोष.

यंदा मोसमाच्या तोंडावर बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा आधीच कामातून गेलेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता बोट चालवणं बंद. बाबांनी जेवताना जाहीर केलं, "पहिली फेरी जावईबापू करतील. ती नीट झाली की बोट त्यांच्या हाती. थोरली मदतीला जाईल."

मदतीला! मला ती बोट हवी होती. लहानपणापासून हवी होती, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बाबांना तर नक्कीच. मी विचारलं, "मी का नाही?"

"तुला प्लॉटर कुठे येतो?" बाबा म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं.

आता या प्लॉटरविषयी. केबिनमध्ये सुकाणूच्या वर पाटीएवढा पडदा बसवलेला आहे. त्यावर समुद्राचा नकाशा, खोलीचे आकडे, आणि मधोमध एक छोटा काळा त्रिकोण, म्हणजे आपण. एक बटण दाबलं की आपण असू त्या जागेवर खूण पडते आणि तारीख आपोआप नोंदली जाते. बाबांनी बारा वर्षांत त्यावर दोनशे अकरा खुणा केल्या होत्या आणि दोनशे अकराच्या दोनशे अकरा खुणांचं चिन्ह होतं मासा. पडदा उघडला की माशांच्या बाजारात उभं राहिल्यासारखं वाटे. हे मासे बाबा कुणाला दाखवत नसत. खलाशी दर मोसमाला नवा, कारण बाबांच्या तोंडापुढे कुणी टिकत नसे, आणि केबिनमध्ये पाय ठेवायची त्याला बंदीच होती. पडदा चालू असला की मलाही.

शेजारच्या बोटीचा मालक मात्र त्या पडद्यावर डोळा ठेवून असे. सगळे त्याला दुर्बीण म्हणतात. काही ना काही निमित्त काढून तो आमच्या केबिनच्या काचेला नाक लावायचा. गंमत म्हणजे त्याच्यासाठी बाबा पडदा चालूच ठेवायचे. म्हातारा विसराळू झाला, असं आम्ही समजत होतो.

फेरीच्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो. जाळी तीन. दोन जुनी आणि एक कोरं, जे मी दोन महिने खपून विणलं होतं. बोट लहान आहे, दोन माणसांत भागतं. मी डेकवर आणि जावईबापू केबिनमध्ये, पडद्यासमोर, गॉगल लावून. उन्हाचा पत्ता नव्हता.

"ताई, हे बघा," त्याने मला आत बोलावलं. बंदी उठली म्हणायची. "नवी खूण केली की मशीन आपणहून फुली टाकतं. मासा हवा असेल तर खालचं बटण चार वेळा दाबावं लागतं. टुक, टुक, टुक, टुक. बाबांनी दोनशे अकरा वेळा चार-चार टुक केलेत. किती मनापासून नोंद ठेवलीय माणसाने!"

"मग आता?"

"आता काय, जवळचा मासा निवडायचा आणि 'इथे चला' म्हणायचं. बोट जाते, आपण जाळं टाकायचं. लोक उगाच या धंद्याला अवघड म्हणतात."

पहिल्या माशावर पोचलो. जाळं सोडलं, बोट हळूहळू ओढू लागली. पाच मिनिटं झाली असतील नसतील, दोर ताठ झाले आणि बोट जागच्या जागी थबकली. मी धावत जाऊन विंच सोडला. जाळं वर आलं ते अर्धंच, बाकीचं तळाशी कशात तरी अडकून राहिलं.

"योगायोग," जावईबापू म्हणाले.

दुसऱ्या माशावर दुसरं जाळं टाकलं. तिथेही योगायोग. या वेळी तर नुसता वरचा दोर हाती आला, त्याला लोंबणाऱ्या चार चिंध्या.

जावईबापूंचा चेहरा उतरला होता, पण माणूस खचणारा नाही. "तिसऱ्या ठिकाणी नक्की," असं म्हणून त्याने आणखी एक मासा निवडला. खुणेशेजारी तारीख उमटली आणि माझी नजर तिच्यावर खिळली. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची तारीख. त्याला ती ओळखू आली नाही, पण मला आली. त्या दिवशी सगळं घर नटत होतं आणि मी शेडमध्ये बसून पोटापासून उभं फाटलेलं जाळं शिवत होते. बहिणीच्या लग्नाच्या एकाही फोटोत माझी बोटं धड दिसत नाहीत.

"मागच्या दोन खुणांच्या तारखा काढ," मी म्हटलं.

त्याने काढल्या. पहिली, मी नवी सुई आणली त्या आठवड्यातली. कोपरा फाटलेला, तीन दिवस लागले होते. दुसरी, मला ताप होता आणि बाबा दारात उभे राहून "उद्या हवंय" म्हणाले होते, तेव्हाची. मग मी सांगत गेले आणि तो एकेक मासा उघडत गेला. वीस-बावीस तारखा झाल्या. जाळं फाटल्याशिवायची एकही तारीख निघेना. आणि दुर्बिणीचं काय? तो दर महिन्या-दोन महिन्यांनी चिंध्या झालेलं जाळं घेऊन माझ्याकडेच यायचा आणि समुद्राला शिव्या घालत बसायचा. काचेला नाक लावल्यानंतर बरोबर आठवड्याभराने.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांनी मासे कुठे मिळतात ते कधी लिहून ठेवलंच नव्हतं. त्यांनी लिहून ठेवलं होतं ते फक्त जाळं कुठे फाटतं ते. खडक, बुडालेल्या बोटी, तुटलेले नांगर. आणि त्यावर मासा चिकटवला होता, काचेवरच्या नाकांसाठी.

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात पाप आलं. गप्प बसायचं. फक्त गप्प बसायचं, तेवढ्यानेच काम होणार होतं. तिसरं जाळं गेलं की फेरी गेली, फेरी गेली की जावईबापू परत मोबाइलच्या दुकानात आणि बोट माझी. मी डेकवर जाऊन उभीसुद्धा राहिले. कोरं जाळं घडी घालून पुढ्यात पडलं होतं. त्यातली एकेक गाठ माझ्या हातची. अठरा वर्षं दुसऱ्यांनी फाडलेलं शिवत आले, आणि आता डोळ्यांदेखत मीच फाडू द्यायचं? छे. माझ्याने ते झालं नाही. बोटीसाठीही नाही.

मी केबिनमध्ये परतले. "या सगळ्या माशांना चुकवून जाणारी वाट काढता येते का तुला? एकालाही धक्का लागता कामा नये."

"पण ताई, जिथे मासेच नाहीत..."

"हे सगळे खडक आहेत, जावईबापू. बाबांनी तुम्हाला दोनशे अकरा खडक दिलेत."

गॉगल निघाला. तो पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलं?" आवाज इतका लहान झाला होता की मलाच कसंतरी झालं.

"मलाही नाही सांगितलं. काढ वाट."

आणि त्याने काढली. श्रेय द्यायलाच हवं, दोन मिनिटांत त्याने माशांमधून नागमोडी रेघ ओढली. नकाशाच्या मधोमध एक लांबलचक मोकळा पट्टा निघाला, जिथे बारा वर्षांत एकही खूण नव्हती. बाबा रोज जायचे आणि जाळं धड घेऊन यायचे ती जागा. सुकाणू मी धरलं. तो पडद्याकडे बघत "जरा डावीकडे, अजून जरा" सांगत राहिला. परतताना डेकवर पाय ठेवायला जागा नव्हती.

शेवटच्या ओढीत कोरं जाळं एका ठिकाणी खरचटलं. हातभर फाटलं, जास्त नाही. नकाशावर तिथे काही नव्हतं. तो म्हणाला, "खूण करू?" मी हो म्हटलं. पडद्यावर एक फुली उमटली.

धक्क्याला लागलो तेव्हा बाबा तिथल्या खुंट्यावर बसले होते. डोळ्याला पट्टी, मान तिरकी, कान आमच्याकडे. जावईबापूंनी उडी मारून दोर बांधला आणि रीतीप्रमाणे इंजिनाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. बाबांनी विचारलं, "प्लॉटर जमला?"

"जमला की," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून खाली मान घातली. "म्हणजे... बऱ्यापैकी."

शेजारी दुर्बिणीची बोट येऊन लागत होती. आमच्या टोपल्यांवर नजर जाताच तो कठड्यावरून एवढा वाकला की आता पाण्यात पडतो असं वाटलं. "कुठे गेला होतात?" त्याने गोड आवाजात विचारलं आणि मान आमच्या केबिनच्या काचेकडे वळवली.

मी केबिनमध्ये गेले. आजच्या तारखेची फुली शोधली, उघडली आणि खालचं बटण दाबलं. टुक. टुक. टुक. टुक. मग पडदा तसाच चालू ठेवून बाहेर आले.

चौथ्या टुकला बाबा खुंट्यावरून उठले होते. चाचपडत बोटीच्या कडेला आले. जावईबापूंनी आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"आज किती फाटलं?" त्यांनी मला विचारलं.

"दोन जाळी गेली. तिसरं हातभर."

"शिवून होईल?"

"उद्यापर्यंत."

"उद्या तुला वेळ नाही," बाबा म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "जाळं जावईबापू शिवतील. त्यांना पुस्तक दे वाचायला."