नरमलेलं चिलखत

मी चिलखत बोलतोय. लढाईतलं नव्हे, वडनेर भोलजीच्या नाटकातलं. लढाई मी कधी पाहिलीच नाही. तरी एका माणसावर माझ्यामुळे अन्याय झाला, आणि तो सांगताना आजही मला लाज वाटते.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. कापसाच्या गाठींना आवळतात त्या लोखंडी पट्ट्या जोडून कारभारी लोहारांनी मला घडवलं. लोखंड दिलं उत्तमराव पाटलांनी. अठरा किलो भरलो. किलो नुकतेच आले होते, म्हणून लोक म्हणाले, "शेरात सांगा ना बाप्पा!"

गावात वीज नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, शाळेच्या पटांगणात नाटक होई. भगवानराव गुरुजी ते बसवत. त्यांनी सेनापतीचं काम माणिकरावांना दिलं. माणिकराव बाजारात पोती उचलायचे. उंच होते, आवाज खणखणीत होता.

पहिल्या दिवशी मला घालून ते दहा पावलं चालले आणि भिंतीला टेकले. गुडघा टेकून उठायचं होतं, तिथे तर कोलमडलेच. माझ्या पट्ट्यांनी त्यांचे खांदे सोलले. त्यांच्या आईने, भिमाबाईंनी, जुन्या लुगड्याच्या दोन गाद्या शिवून माझ्या आत टाचल्या.

"माय, हे लय जड हाय," ते म्हणाले.

"पोतं का हलकं राह्यते? कंबर कस अन् चाल," भिमाबाई म्हणाल्या. साऱ्या वस्तीत त्या सांगत फिरत, "माहा लेक सेनापती होऊन राह्यला."

माणिकराव दीड महिना रोज पहाटे मला घालून नदीच्या वाळूत चालले. आधी चालणं, मग वळणं, मग पळणं. खांद्याने ओढायचं नाही, कंबरेवर तोलायचं, हे त्यांना हळूहळू उमगलं. दसऱ्याच्या दिवशी शेवटच्या तालमीत ते धावत आले, गुडघ्यावर बसले आणि एका झटक्यात उठले. माझी एक पट्टीसुद्धा वाजली नाही.

उत्तमराव कारभारी लोहारांना घेऊन ती तालीम पाहायला आले होते. त्यांच्या घरची एक रीत होती. नवा जोडा आधी आठ दिवस सालदार गड्याने घालायचा, तो नरमला की मग मालकाने.

"कारभारी, चिलखत नरमलं बे आता!" ते खुशीत म्हणाले. "उद्या मीच घालतो."

गुरुजी चाचरले. "पाटील, काम माणिकरावांचं आहे. मेहनत त्यांनी..."

"म्हणून तं त्याले दिलं होतं, मास्तर. माणक्या भाला धरून उभा राहीन. काय रे?"

माणिकरावांनी मला अंगातून उतरवून खाली ठेवलं. आणि मी? मलाही वाटलं, खरंच आपण हलके झालो आहोत. त्या संध्याकाळी गाद्या उसवून माझ्या आत लाल मखमल लावली, तेव्हा मी मनातून सुखावलो. ही माझी सर्वांत मोठी लाज.

दुसऱ्या दिवशी भिमाबाई बायकांत पुढे बसल्या होत्या. सेनापती आला तशा त्या पुटपुटल्या, "हा तं पाटील हाय. माहा माणिक कुठी हाय वं?" शेजारणीने कोपऱ्यातल्या भालेकऱ्याकडे बोट दाखवलं.

उत्तमराव गुडघ्यावर बसले. उठता येईना. मखमल सरकली, मी पुढे कललो आणि ते तोंडावर पडले. पटांगण हसलं. "उठा सेनापती, जेवाची येळ झाली!" कुणीतरी ओरडलं. तेवढ्यात माणिकराव पुढे झाले, हात देऊन त्यांनी पाटलांना उठवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सरकार, घोडा तयार आहे!" नाटक तरलं. भिमाबाई मात्र उठून घरी गेल्या होत्या.

पुढच्या साली पाटलांनी माणिकरावांना बोलावलं, पण शिकवायला. माणिकराव आले. महिनाभर त्यांनी मन लावून शिकवलं. "पाटील, खांदा सोडा. कंबरेतून उठा." पाटलांना घाम फुटे, तोंडातून शिव्या निघत, तरी ते शिकले. नाटकात ते ताठ उठले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मी चोरासारखा अंगावर बसून होतो.

पडद्यामागे उत्तमराव पेटीवर टेकले. त्यांचे खांदे सोलले होते.

"माणिक, हे नरमलं नव्हतं ना बे?"

"नाही पाटील. होतं तेवढंच हाय."

"मंग तवा बोलला काऊन नाही?"

"इचारलं कोनं?"

तिसऱ्या साली पाटलांनी स्वतः माणिकरावांच्या घरी निरोप धाडला, सेनापती तुम्हीच व्हायचं. पण त्या उन्हाळ्यात भिमाबाई वारल्या होत्या. माणिकराव शाळेत आले. माझ्यासमोर उभे राहिले. छातीच्या पट्टीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "आता कोनाले दाखवू?" आणि निघून गेले.

पाटलांनीही मला पुन्हा अंगावर घेतलं नाही. तेव्हापासून मी शाळेच्या माळ्यावर आहे. कडा गंजल्या, मखमल उंदरांनी नेली. कधी पाहुणे आले की मला खाली काढतात आणि सांगतात, "हे उत्तमराव पाटलांचं चिलखत." माझी एवढीच विनवणी आहे: तसं सांगू नका. मला वाळूत चालवलं ते माणिकरावांनी. त्यांचं नाव घ्या, नाहीतर मला माळ्यावरच राहू द्या.